गाळलेला हशा

भाऊजींच्या काळ्या कोटाची डावी बाही इस्त्री करून झाली होती. उजवीवर मी नुकतंच पाणी शिंपडलं होतं, तेवढ्यात ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"राहू द्या वहिनी. मी जात नाही."

"अहो, पाणी मारलंय. आता तशीच ठेवली तर बोळा होईल तिचा."

"होऊ दे," म्हणाले, आणि मागच्या खोलीत जाऊन त्यांनी खिडकी लावून घेतली. भर दुपारी, एवढ्या उकाड्यात.

मी इस्त्री उभी करून ठेवली. कोट टेबलावर तसाच पडला होता, एक हात सरळ, एक हात वाकडा. कुणी माणूस उताणा पडून काहीतरी सांगायला हात उचलतोय असं वाटलं, म्हणून मी त्याच्यावर चादर टाकली. मग तर तो आणखीनच माणसासारखा दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांची कोर्टात साक्ष होती.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिले. नोकरी सरकारी लघुलेखकाची, पण ऑफिसात बसून साहेबाची पत्रं घ्यायची तसली नव्हे. गावात जाहीर सभा असली की व्यासपीठासमोर एक लहान टेबल मांडायचे. तिथे बसून भाऊजी वक्त्याचा शब्द न् शब्द उतरवून घ्यायचे. पुढे कुणी म्हणालं की अमक्यानं भडकाऊ भाषण केलं, की मग भाऊजींची नोंद कोर्टात जायची आणि तिच्या मागोमाग भाऊजी. भाषणाच्या कायद्याखाली आमच्या गावात जेवढे खटले झाले, त्या सगळ्यांत त्यांचा हा काळा कोट उभा होता.

ऑफिसात त्यांना 'कान' म्हणायचे. हळूहळू तेच नाव बाजारातही पोचलं. मी त्यांना बरोबर घेऊन भाजीला गेले की भाजीवाली आवाज उतरवायची. "काकू, आज कान बरोबर आहेत व्हय? मग भाव हळूच सांगते. लिहून घेतील आणि उद्या मला उभं करतील." ते हसायचे नाहीत. पण मागून कुणी बोललं की न वळता म्हणायचे, "हे गृहस्थ पाणीपट्टीच्या सभेत दुसरे बोलले होते. घशात खरखर आहे." चेहरा दाखवला असता तर त्यांनी त्याच माणसाला ओळखलं नसतं, कारण बोलणाऱ्याकडे ते कधीच बघत नसत. ती त्यांची रीत होती. मान खाली, डोळे कागदावर. म्हणायचे, "तोंडाकडे पाहिलं की कान बिघडतो, वहिनी. माणूस आवडायला लागतो, नाहीतर नावडायला. दोन्ही वाईट."

दुसरी रीत म्हणजे, स्पष्ट ऐकू आलं तेवढंच लिहायचं. नाही आलं तर तिथे आडवी रेघ. अंदाजानं शब्द घालायचा नाही. टाळ्या, ओरडा, हशा यांतलं काही लिहायचं नाही, कारण ते शब्द नव्हेत. "मी माणसाचं लिहितो. गर्दीचं नाही," असं ते अभिमानानं सांगायचे. आणि तो अभिमान खोटा नव्हता. एवढ्या वर्षांत एकाही वकिलाला त्यांच्या नोंदीत एक शब्द इकडचा तिकडे सापडला नाही.

घरीसुद्धा बोट थांबायचं नाही. आम्ही जेवताना बोलत असलो की त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी लिहीत असल्यासारखी मांडीवर चालायची. मी देवापुढे बसून मोठ्यानं प्रार्थना म्हणत असले तर दाराच्या चौकटीवर चालायची. एकदा मला ठसका लागला आणि मी मध्येच थांबले. मागे वळून पाहिलं तर त्यांचं बोट लाकडावरून आडवं सरकत होतं. माझ्या प्रार्थनेत त्यांनी रेघ मारली होती. त्या दिवशी मी हसले होते. आता आठवलं तर हसू येत नाही.

आमच्या घरामागे मैदान आहे. पूर्वी सगळ्या सभा तिथेच व्हायच्या. त्या सभांमध्ये एक शिंपी बोलायचा. त्याचं दुकान चौकात होतं. कपडे बरे शिवायचा, पण वेळेवर कधी द्यायचा नाही. बोलायला उभा राहिला मात्र की लोक रात्रीचं जेवण टाकून थांबायचे. त्या वेळी दुकानांचे परवाने कचेरीत अडकून पडले होते. त्यासाठी ती सभा होती. मी मागच्या दारी दोरीवरचे कपडे काढत होते. मला शब्द एक ऐकू आला नाही. हशा तेवढा ऐकू आला, भिंतीवर येऊन आदळल्यासारखा. हातातला टॉवेल तसाच धरून मीही हसले, कशाला ते माहीत नसताना.

भाऊजींच्या नोंदीत होतं ते असं: "उद्या सकाळी सगळे काडेपेटी घेऊन या. कचेरी पेटवून देऊ." आणि पुढे रेघ.

थोड्याच दिवसांत कचेरीच्या आवारातली कागद ठेवायची शेड जळाली. कुणी जाळली की आपोआप पेटली, ते कधीच कळलं नाही. म्हातारा पहारेकरी कागद बाहेर काढायला गेला आणि त्याचे दोन्ही हात भाजले. शिंप्याला धरून नेलं. सभेतले बरेच जण कोर्टात सांगायला गेले की अहो, ती थट्टा होती, आम्ही पोट धरून हसलो. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं की सरकारी नोंद अत्यंत काटेकोर आहे आणि तिच्यात हशाचा उल्लेख नाही.

भाऊजींना विचारलं होतं, "ही नोंद तुमची? शब्दशः बरोबर?" भाऊजी म्हणाले, हो. "इथे रेघ का?" भाऊजी म्हणाले, पुढचं ऐकू आलं नाही. का ऐकू आलं नाही, ते कुणी विचारलं नाही. विचारलं नाही त्याचं उत्तर साक्षीदारानं द्यायचं नसतं.

शिंपी शिक्षा भोगून आला तो गप्पच. दुकानात मापं घेताना आकडे तेवढे बोलायचा. मैदानात सभा घ्यायला परवानगी लागायला लागली, मग ती मागायला कुणी जाईना, मग तिथे गाड्या उभ्या राहायला लागल्या. गेल्या साली शिंपी वारला.

त्याच सुमारास भाऊजींनी खिडकी लावायला सुरुवात केली.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा धूळ येते म्हणाले. मग एकदा टीव्हीवर काहीतरी विनोदी चालू होतं, त्यातली माणसं हसली आणि भाऊजी ताटावरून उठले. शेवटी एका दुपारी मीच त्यांच्या खोलीत गेले. कानात कापूस घालून बसले होते.

"भाऊजी, बरं नाही का?"

"वहिनी, बाहेर कोण हसतंय?"

मी खिडकी उघडून पाहिलं. मैदानात गाड्या उन्हात तापत होत्या. माणूस नव्हता. एक कुत्रं सावली शोधत होतं.

"कुणी नाही."

"मोठा येतो," ते म्हणाले. "शेकडो माणसांचा. आणि मध्येच तुटतो. कुणीतरी रेघ मारल्यासारखा."

मला काही ऐकू आलं नाही, हे मी देवाला साक्षी ठेवून लिहिते. पण त्या दिवसापासून दुपारची भांडी मी पुढच्या अंगणात घासायला लागले.

म्हटलं, देवाचं नाव घेत जा, मन शांत होईल. तर म्हणाले, "त्याच्यापुढे उभा राहून काय बोलू? तिथेही विचारेल तेवढ्याचंच उत्तर देईन मी. सवयच तशी आहे." मग मी त्यांच्या वाटचं देवापुढे बसायला लागले. आपण देवाशी बोलतो ते सगळं नीट कुठे असतं? अर्धं गिळलेलंच असतं. त्याला ते ऐकू येत असणार, नाहीतर आपल्यासारख्यांनी जावं कुठे?

मग मागच्या महिन्यात शिंप्याची मुलगी आली. आता दुकान तीच चालवते. गळ्यात टेप तशीच लटकत होती, काढायला विसरली असावी. खुर्चीवर अगदी टोकाला बसली. मी पाणी दिलं.

"काका, मी चौकातल्या शिंप्याची मुलगी."

"आवाज ओळखीचा आहे," भाऊजी जमिनीकडे बघत म्हणाले.

"तुम्ही माझा आवाज कधी ऐकला?"

"तुझा नाही."

मग तिनं सांगितलं. या कायद्यावरून सध्या सगळीकडे वाद चालू आहे, पेपरात येतंच. काही जुने खटले कोर्टानं पुन्हा तपासायला घेतले आहेत आणि त्यात तिच्या वडिलांचाही आहे. "बाबा गेले. त्यांना आता काय फरक पडतो? पण अजून कुणी भांडलं की मला म्हणतात, आग लावणाऱ्याची पोर. माझ्या मुलीलासुद्धा शाळेत म्हणाले. एवढं पुसायचंय, काका. बाकी काही नको."

"मी काय करू? मी लिहिलं ते खरं आहे."

"ठाऊक आहे. बाबांनी तुम्हाला कधी शिव्या दिल्या नाहीत. म्हणायचे, त्या माणसानं माझा एक शब्द चुकीचा लिहिला नाही."

भाऊजींचं बोट मांडीवर चालत होतं, ते थांबलं.

मुलीनं पिशवीतून एक काडेपेटी काढली. जुनी, कडा चेपलेल्या. उघडून तळहातावर उलटी केली. शर्टाची बटणं पडली, पांढरी, लहान लहान. "आमच्याकडे बटणं अशीच ठेवतात, आजोबांपासून. बाबांनी त्या दिवशी पेटवून देऊ म्हटलं आणि खिशातून पेटी काढून अशी उलटी केली. बटणं पडली खाली, तेव्हाच लोक हसायला लागले. मग म्हणाले, काड्यांचा परवानासुद्धा त्याच कचेरीत अडकलाय. ते त्या हशातच बुडालं."

"बटणं," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही तर समोरच होतात, काका."

"मी वर बघत नाही."

उठताना मुलीनं सवयीनं त्यांच्या खांद्यांकडे पाहिलं. "साक्षीला याल तर कोट आत घेऊन देईन. तुम्ही बारीक झालात." दारापर्यंत सोडायला गेले तर माझा हात धरून म्हणाली, "काकू, एवढंच सांगायचंय त्यांना, की का ऐकू आलं नाही."

तिच्या मागे एक बटण जमिनीवर राहिलं. भाऊजींनी ते उचललं आणि खिशात ठेवलं.

त्यानंतर घरात रोज वाद. आमचे हे कायद्याच्या बाजूचे. "उद्या कुणीही उठून काहीही बोलायचं का? त्या पहारेकऱ्याचे हात विसरलास? जन्मभर दुसऱ्याच्या हातानं जेवला तो."

"विसरलो नाही, दादा."

"आणि तू आता जाऊन सांगणार, लोक हसत होते! तुलाच धरतील. म्हणतील, तेव्हा का नाही बोललास?"

"तेव्हा विचारलं नाही."

"हे त्यांना सांग म्हणजे झालं. पेढे वाटतील तुझ्या नावानं."

मी मध्ये पडले. "भाऊजी, तुम्हाला काय वाटतं? हसले म्हणजे तो निर्दोष ना?"

त्यांनी पाण्याचा पेला हातात फिरवला. "वहिनी, वरच्या वस्तीविरुद्धची सभा आठवते? ती लांब मिशांच्या माणसाची, मिशांचं लोक सांगायचे. मला आवाज ठाऊक. त्यानं त्या वस्तीतल्या लोकांची नक्कल केली होती, त्यांच्या बोलण्याची, बायकांची. तिथेही हसले. याच्याहून जास्त हसले. आणि दोन दिवसांत त्या वस्तीतली घरं फोडली. माणसं मेली. त्या नोंदीतही हशा नाही, आणि तो सुटला. न्यायाधीश म्हणाले, शब्दांत तर वाईट काही दिसत नाही."

आमच्या ह्यांनी ताट बाजूला सारलं.

"हशानं काय सिद्ध होतं ते मला कळत नाही," भाऊजी म्हणाले. "ते मी ठरवायचं नव्हतंच. पण गाळला तेव्हा मीच ठरवलं की नाही? एकाला आत घातलं, एकाला सोडलं. आणि मला वाटत होतं की मी फक्त लिहितोय. आता एकाचं सांगायला गेलो तर बाकीच्या रेघा गप्प बसतील का? शेकडो आहेत वहिनी. घरात मावायच्या नाहीत."

म्हणून मग ती कोटाची दुपार. जात नाही म्हणाले ते या भीतीनं, कोर्टाच्या नव्हे.

संध्याकाळी मी दिवा लावला आणि मोठ्यानं प्रार्थना म्हणायला बसले. म्हणता म्हणता आवाज भरून आला, शब्द फुटेना. मागे चौकटीवर बोट चाललेलं ऐकू येत होतं. मी थांबले तसं तेही थांबलं. रेघेची वाट बघत मी तशीच बसून राहिले. रेघ ओढल्याचा आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "रडताय, वहिनी?"

"हो."

"बरं," म्हणाले. थोड्या वेळानं, "ती दुसरी बाही करून ठेवा."

बोळा झाला होताच. मी पुन्हा पाणी मारलं आणि जोर लावून केली. खिशात बटण होतं, ते तसंच ठेवलं.

कोर्टात मी आणि शिंप्याची मुलगी मागच्या बाकावर बसलो. पंखा होता, पण वारा वकिलांपर्यंतच. भाऊजी उभे राहिले, नेहमीसारखी मान खाली. तिच्या वकिलानं विचारलं, "रेघेच्या जागचं का ऐकू आलं नाही?"

"लोक हसत होते."

"त्याआधीचे शब्द कसे उच्चारले होते, आठवतं?"

भाऊजींनी ते म्हटले. मी त्या शिंप्याचं भाषण शब्दांत कधी ऐकलं नव्हतं, तरी सांगते, तो आवाज भाऊजींचा नव्हता. वरच्या पट्टीतला, लाडिक, ग्राहकाला उद्या नक्की देतो म्हणणाऱ्या माणसाचा. 'पेटवून देऊ' नंतर ते थांबले, तेवढं थांबणंसुद्धा त्यांचं नव्हतं. मुलीनं माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली. "बाबा," एवढंच म्हणाली, तोंडातल्या तोंडात.

मग सरकारी वकील उठले. उंच, चष्मा कपाळावर. "इतक्या वर्षांनी तुम्हाला हशा आठवतो? केवढा होता हो तो?"

"मला पुढचं ऐकू आलं नाही, एवढा."

"आणि एवढा मोठा हशा, शब्द न् शब्द टिपणाऱ्या तुमच्यासारख्या माणसानं कोर्टाला तेव्हा सांगितला नाही?"

"साहेब, तेव्हा सरकारी वकील तुम्हीच होता. तुम्ही विचारलंच नाही."

सगळं कोर्ट हसलं. शिपाई हसला, बाकावरचे हसले, न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. सरकारी वकील त्या हशातच काहीतरी बोलले, हात उडवून. आणि भाऊजींनी मान वर केली. मी त्यांना पहिल्यांदाच कुणाकडे तरी नीट बघताना पाहिलं. ते खाली बसलेल्या टायपिस्ट बाईंच्या बोटांकडे बघत होते. बोटं थांबली होती. मग एका बोटानं एकच कळ दाबली.

"साहेब," भाऊजी न्यायाधीशांना म्हणाले, "यांना लिहायला सांगा, लोक हसले म्हणून."

"त्याची आवश्यकता नाही."

"आहे साहेब. वकीलसाहेब आता काय बोलले ते बुडालं. मला ऐकू आलं नाही. तुम्हाला आलं?"

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. "काय म्हणालात तुम्ही?"

"विशेष काही नाही, महाराज."

पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग न्यायाधीश म्हणाले, "लिहा."

टायपिस्ट बाई गोंधळल्या. "काय लिहू, साहेब?"

"हशा."

"नुसतं हशा? की मोठा हशा?"

यावर पुन्हा कुणीतरी फिसकन हसलं, आणि तेवढ्यात शिपाई फायली घेऊन आडवा आला. त्यामुळे बाईंची बोटं पुढे काय करत होती ते भाऊजींना दिसलं नाही, मलाही नाही. निकालाची तारीख पुढची पडली.

पायऱ्यांवर मुलीनं वाकून त्यांना नमस्कार केला. त्यांनी खिशातून बटण काढून तिच्या हातात ठेवलं. "तुझं राहिलं होतं." ती म्हणाली, "कोट द्या ना काका, आत घेते." ते म्हणाले, "निकाल लागू दे."

घरी आल्यावर त्यांनी मागची खिडकी स्वतः उघडली आणि तिच्यापाशी उभे राहिले. ऊन उतरलं होतं, गाड्यांच्या काचा लाल झाल्या होत्या. मी जरा वेळ दारात थांबले. मग विचारलंच.

"येतोय?"

"येतोय."

"तसाच?"

"नाही. आता तुटत नाही." थोडं थांबून म्हणाले, "आणि वरच्या वस्तीच्या सभेतलाही येतोय."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. कान देऊन ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही. पण खिडकी लावा असं मी म्हटलं नाही, आणि त्यांनीही लावली नाही.

रात्री कोट खुंटीला लावताना म्हणाले, "वहिनी, हा उद्याही लागेल." उद्या सकाळी कचेरी उघडली की त्यांना कोर्टाच्या नकल विभागात जायचं आहे, आपल्या साक्षीची प्रत आणायला.